सुभेदारांचा उजवा गाल

दूध संस्थेच्या खिडकीत सकाळी सहाला बसलं की आधी माणसाचं तोंड दिसतं, किटली नंतर. किटलीतलं दूध मशीन तपासतं. तोंड तपासायला मशीन नाही, ते काम मी करतो.

लालासाहेबांची दाढी झालेली दिसली की आज ते तहसीलला निघालेत. भाऊसोची चार दिवस वाढली की बायको माहेरी गेलेली असते, आणि पाचव्या दिवशी गाल गुळगुळीत दिसला की तो तिला आणायला चाललेला असतो. शनिवारी कुणी करत नाही, अमावस्येला करत नाही, सोमवारी गुंडा न्हाव्याचं सलून बंद. उरलेल्या दिवसांत ज्याची त्याची सोय आणि ज्याचं त्याचं कारण. सतरा वर्षांत मी हे कुठं लिहून ठेवलेलं नाही, पण माझा अंदाज कधी चुकला नव्हता. म्हणजे गेल्या माघापर्यंत तरी नव्हता.

ज्याच्यावरून काहीच ओळखता यायचं नाही असं गावात एकच तोंड होतं. सुभेदार हंबीररावांचं. शनिवार असो, अमावस्या असो, पोराचं लग्न असो की रानात उसाची तोड चालू असो, सुभेदारांचे गाल रोज सारखेच. अठ्ठावीस वर्षं फौजेत काढून ते आमच्या गावात, पलूसच्या अलीकडं, परत आले त्याला वीस वर्षं झाली. तेव्हापासून पहाटे पाचला अंगणातल्या नळावर थंड पाण्यानं त्यांची दाढी सुरू व्हायची. साबणाचा फेस करायचा, रेझर वरून खाली फिरवायचा, मग खालून वर, मग कुठं राहिलं असेल तर आडवा. त्यावर तुरटीचा खडा. तुरटीवर आफ्टरशेव्ह, ओंजळीत ओतून, दोन्ही गालांवर फाडकन. त्या आवाजानं शेजारची चंद्राबाई उठायची. तिच्या घरात गजर लावायची पद्धतच नव्हती.

फौजेच्या भरतीची तयारी करणारी पोरं त्यांच्याकडं सल्ला घ्यायला यायची. त्यांना सुभेदार पहिलं वाक्य ठरलेलं ऐकवायचे, की ज्याला गालावरचा केस आवरत नाही त्याला बंदूक काय आवरणार. एखाद्याच्या गालावर पुटकुळ्या दिसल्या की त्याला सगळ्यांसमोर उभं करायचे. हात नीट चालत नाही त्यालाच पुटकुळी येते, असं त्यांचं शास्त्र होतं.

आता ज्यानं हे शास्त्र काढलं त्याच्याच गालावर दोन वर्षांपासून पुटकुळ्या यायला लागल्या, तर त्यानं काय करावं? सुभेदारांनी आधी उन्हाला दोष दिला, मग पाण्याला, मग साबणाच्या कंपनीला. दोष देऊन संपले तरी पुटकुळ्या संपेनात, म्हणून रेझर आणखी दाबून फिरवायला लागले. माघ लागला तसा डाव्या जबड्याखाली सुपारीएवढा गोळा आला आणि त्यात पू झाला. तेव्हा ते सुनेला मिलिटरी कॅन्टीनला जातो असं सांगून सांगलीच्या एसटीत बसले आणि कातडीच्या डॉक्टरकडं गेले.

तिथं काय झालं ते मला बऱ्याच दिवसांनी त्यांनीच सांगितलं. डॉक्टरीणबाई वयानं त्यांच्या सुनेपेक्षा लहान. तिनं भिंग लावून दोन्ही गाल बघितले आणि ब्लेड किती दिवसांनी बदलता म्हणून विचारलं. सुभेदारांनी अभिमानानं सांगितलं, दोन महिने चालवतो. ती म्हणाली, आजोबा, तुम्ही दाढी करत नाही, गाल सोलता. उलट्या हातानं केस कातडीच्याही खाली कापला जातो, वाढताना वाकडा होतो आणि बाहेर यायच्या ऐवजी आतच शिरतो. त्यावर तुम्ही तुरटी घासता, वर स्पिरिट ओतता. एकवीस दिवस गालाला ब्लेड लावायची नाही. सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्यानं तोंड धुवायचं आणि हे मलम लावायचं. ऐकलं नाही तर पू खोल जाईल, कापावं लागेल, जन्माची खूण राहील. एकवीस दिवसांनी या, मग दाढी कशी करायची ते मी तुम्हाला शिकवते.

बाकी सगळं त्यांनी सोसलं. शेवटचं वाक्य सोसलं नाही.

पण माणूस हुकूम पाळणारा. मलमाची ट्यूब सदऱ्याच्या आतल्या खिशात घातली आणि दुसऱ्या दिवसापासून रेझर बंद केला. अडचण एवढीच होती, की वाढलेली दाढी काही सदऱ्याच्या आतल्या खिशात मावत नाही.

चौथ्या दिवशी ते दूध घालायला आले तेव्हा मी मापात दूध ओतता ओतता थांबलो. पांढरी खुंटं तांदळाच्या कणीएवढी दिसत होती. मी म्हटलं, सुभेदार, तब्येत बरी हाय न्हवं? ते म्हणाले, ब्लेड संपल्यात, कॅन्टीनला जाणं झालं न्हाई. आता हे सांगताना त्यांच्या पाठीमागं किराणाचं दुकान होतं आणि दुकानाच्या दारावर ब्लेडच्या पट्ट्यांची माळ लोंबत होती. मी माळेकडं एकदा बघितलं. दुधाची फॅट लावली, पावती दिली.

त्याच दिवशी दुपारी गुंडा न्हाव्यानं मला सांगितलं, सुभेदारांनी पोराच्या बढतीसाठी नवस बोललाय, म्हणून दाढी ठेवलीय. नवसाचं नाव काढलं की ज्या माणसानं वीस वर्षं अख्ख्या गावाची टर उडवली, त्यानं नवस बोलावा? आणि संध्याकाळी संस्थेचे पैसे न्यायला त्यांची सून संयोगिता आली, तिला मी सहज विचारलं तर ती म्हणाली, आबा म्हणतात आता वय झालं, दाढी वाढवून बघू कशी दिसती.

तीन माणसं, तीन कारणं. माझी सवयच अशी, की दोन आकडे जुळले नाहीत तर मी तिसरा विचारतो आणि तिसराही जुळला नाही तर तिन्ही खोटे धरतो. चंद्राबाई किटली घेऊन उभी होती. मी तिला एवढंच म्हटलं, की ज्याची तीन कारणं निघतात त्याचं खरं कारण चौथंच असतं.

हे वाक्य मी बोलायला नको होतं.

आमच्याकडं जाणत्या पुरुषानं दाढी सोडली की त्याचा एकच अर्थ होतो. घरात कुणीतरी गेलंय आणि दहावा दिवस अजून व्हायचाय. दहाव्याशिवाय गालाला पातं लागत नाही. सुभेदारांच्या घरात तर सगळी माणसं दिसत होती. स्वतः सुभेदार, सून, आणि सुनेची चार वर्षांची मुलगी. दिसत नव्हता तो फक्त एक, त्यांचा मुलगा वीरधवल. तो फौजेत नायक, वर उत्तरेत बर्फात पोस्टिंग. तिथनं फोन कधी रोज यायचा, कधी चार-चार दिवस यायचा नाही.

चंद्राबाईनं चौथं कारण काढलं. वरनं खबर आलीय, ती फक्त बापाला कळवलीय, आणि सुभेदार पडला फौजी, पेटी दारात येईपर्यंत सुनेला सांगणार नाही. तिनं हे वाईट मनानं केलं नाही. तिचा स्वतःचा दीर असाच पेटीतून आला होता आणि तेव्हा तिच्या सासऱ्यानं तीन दिवस पोटात ठेवलं होतं. जे एकदा बघितलंय ते माणसाला पुन्हा दिसायला फार वेळ लागत नाही.

आठव्या दिवसापर्यंत गावात सगळ्यांना हे माहीत झालं होतं आणि कुणीच बोलत नव्हतं. सुभेदार रस्त्यानं निघाले की लोक उठून उभे राहायचे. भाऊसोनं त्यांच्या उसाला पाण्याची पाळी आपणहून सोडली, जी तो सख्ख्या भावालाही सोडत नाही. सुभेदारांना वाटलं, दाढीमुळं माणूस वडीलधारा दिसतो, म्हणून मान मिळायला लागला. त्यांनी तसं मला बोलूनही दाखवलं.

घरात संयोगिता वेगळंच बघत होती. आबा रात्री खोलीचं दार लावून घेतात. गोठ्यामागं जाऊन हळू आवाजात फोनवर बोलतात आणि ती दिसली की ठेवून देतात. पुढची तारीख मिळवायला ते दवाखान्यात फोन करत होते, पण ते तिला कुठलं माहीत? तिला दिसत होतं ते एवढंच, की सासरा काहीतरी लपवतोय, बायका तिच्याशी नको तेवढ्या गोड बोलतायत, आणि वीरधवलचा फोन सहा दिवस लागत नाहीये.

अकराव्या दिवशी सकाळी स्टँडवर हिरव्या रंगाची एक गाडी थांबली. आतल्या जवानानं आष्ट्याच्या पुलाचा रस्ता विचारला, आणि गाडी गेली. एवढंच झालं. पण ती बघितली चंद्राबाईनं. ती घरी गेली आणि चूल पेटवून बसली.

मला हे कळलं तेव्हा संस्थेत शेवटची किटली चालू होती. भाऊसो म्हणाला, काकू भाकरी थापाय लागल्यात, कडू घास घेऊन जाणार हायत. मी मशीन तसंच सोडून निघालो. ज्या घरात माणूस गेलं त्या घरात चूल पेटत नाही, म्हणून शेजारपाजारच्यांनी भाकरी-पिठलं नेऊन त्यांना चार घास खायला लावायचे, तो कडू घास. जिवंत माणसाच्या घरात तो नेल्याचं मी ऐकलेलं नाही.

मी अंगणात पोचलो तेव्हा चंद्राबाई माझ्या चार पावलं पुढं होती. तिनं भाकरीची बुट्टी ओसरीवर ठेवली. सुभेदार बाजेवर बसले होते. संयोगिता शिलाई मशीनवरून उठून बाहेर आली, हातात कात्री तशीच. चंद्राबाईनं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि रडायला लागली.

संयोगितानं बुट्टीवरचं फडकं उचलून बघितलं. भाकरी, पिठलं, बाजूला कांदा नाही की चटणी नाही. तिला काय समजायचं ते समजलं. ती चंद्राबाईकडं बघायची सोडून सासऱ्याकडं बघायला लागली.

"आबा," ती म्हणाली, "किती दिवस झालं?"

सुभेदारांना अजून काहीच कळलं नव्हतं. ते म्हणाले, कशाला किती दिवस? मग त्यांनी बुट्टी बघितली, रडणारी चंद्राबाई बघितली, दारात उभा मी बघितला, आणि त्यांचा चेहरा उतरला. दाढीतूनही दिसला. ते घाईघाईनं म्हणाले, की तसं काही नाही, गालाची कातडी खराब झालीय, सांगलीला दाखवलंय.

खरं कारण शेवटी बाहेर आलं, पण त्यांच्या तोंडून आलेलं ते नंबरानं चौथं होतं. आधीची तीन ज्यांनी ऐकली होती त्यांना ते सगळ्यांत लंगडं वाटलं. मलाही वाटलं.

त्यांनी खिशातून ट्यूब काढून दाखवली. संयोगिता ट्यूबकडं बघेना. त्यांनी वीरधवलला फोन लावला. संपर्क क्षेत्राबाहेर. पुन्हा लावला. तेच. तिसऱ्यांदा लावायला लागले तसा तिनं फोन त्यांच्या हातातून काढून घेतला आणि बाजेवर ठेवला. आवाज चढवला नाही. तिची मुलगी आतून बघत होती.

"मला ट्यूब नको, फोन नको," ती म्हणाली. "तुमी दाढी करा."

"आत्ता?"

"आत्ता. माझ्यासमोर."

सुभेदार तिच्याकडं बघत राहिले. मग त्यांना कळलं, आणि मलाही कळलं, की ती काय मागतेय. बाप तोंडानं कितीही खोटं बोलेल, सुनेसाठी तर बोलेलच. पण पोरगा गेला असताना, पेटी येऊन दहावा व्हायच्या आधी गालाला पातं लावणारा बाप आमच्या मुलखात जन्मलेला नाही. तो तिच्यासाठी शपथ मोडेल, हे मोडणार नाही.

ते उठले. डॉक्टरीणबाईचे अकरा दिवस झाले होते आणि दहा राहिले होते. गोळा बसत आला होता. हे सगळं त्यांच्या डोक्यात आलं असणार, कारण नळापाशी जाईपर्यंत त्यांचा हात दोनदा जबड्याला लागला. पण थांबले नाहीत. आरसा लावला, ब्रश भिजवला, फेस केला. अकरा दिवसांच्या खुंटांवर फेस नीट बसेना. रेझर डाव्या गालाला लावला आणि कानापासून खाली ओढला.

केस निघाले, सोबत बसत आलेल्या दोन पुटकुळ्याही निघाल्या. फेसात लाल आलं. त्यांनी रेझर झटकून पुन्हा लावला. तिसऱ्या ओढीला तो जबड्याखालच्या गोळ्यावरून गेला आणि त्यांच्या खांद्याला झटका बसला, पण हात थांबला नाही. हात नीट चालतो हे त्यांना सिद्ध करायचं होतं की काय कोण जाणे. चंद्राबाई रडायची थांबली होती. डावा गाल पुरा झाला. त्यांनी मान वळवली आणि उजव्या गालावर फेस लावायला ब्रश उचलला.

संयोगितानं पुढं होऊन त्यांचं मनगट धरलं.

"बास आबा," ती म्हणाली. "पटलं."

मग ती खाली नळापाशीच बसली आणि इतका वेळ जे रडायचं होतं ते रडून घेतलं. सुभेदार निम्म्या तोंडाला फेस, निम्म्याला रक्त, असे तिच्याजवळ उभे राहिले. सुनेच्या डोक्यावर हात ठेवावा की न ठेवावा हे त्यांना ठरवता येईना. शेवटी त्यांनी तिला सांगितलं, उठ, पोरगी बघतीया.

चंद्राबाई बुट्टी उचलून न्यायला लागली तर संयोगितानंच तिला थांबवलं. मी मधे पडून म्हटलं, ती भाकरी कुणी खाऊ नये. शेवटी ती म्हशीला घातली. म्हैस काही मानत नाही.

त्यानंतर ट्यूब सुनेच्या ताब्यात गेली. तिनं दवाखान्यात स्वतः फोन लावला आणि घडलं ते सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाईनं दोनदा विचारून घेतलं म्हणे. मग तिनं निकाल दिला, की डाव्या गालाचे एकवीस दिवस आजपासून नव्यानं धरायचे, उजव्याचे चालू आहेत ते चालू ठेवायचे. म्हणजे एकाच तोंडावर दोन कॅलेंडरं लागली. कोमट पाण्याचा तांब्या, मऊ फडकं, मलम, आणि हात लावायचा नाही अशी सक्त ताकीद. तुरटीचा खडा तिनं पाण्याच्या टाकीत टाकला, गढूळ पाणी तरी स्वच्छ होईल म्हणून.

दुसऱ्या दिवशी सुभेदार दूध घालायला आले, एका गालावर बारा दिवसांची दाढी आणि एक गाल लालभडक, मलमानं चकाकणारा. रांगेतली माणसं बघून न बघितल्यासारखं करू लागली. गुंडा मुद्दाम येऊन म्हणाला, आवं सुभेदार, मशीननं उजवी बाजू बारीक करून देतो, पातं लागत न्हाई, डॉक्टर बी काय म्हणायच्या न्हाईत. सुभेदारांनी नको म्हटलं. म्हणाले, अर्धी दाढी ठेवून सुतक पाळणारा माणूस अजून कुणी बघितला न्हाई. हाय हे असंच राहू दे. कुणाला शंका नको.

भरतीची पोरंही रांगेत होती. त्यातल्या एकाच्या गालावर पुटकुळ्या होत्या आणि तो मान खाली घालून उभा होता. सुभेदारांनी त्याला हाक मारली. आता ह्याची शोभा होणार असं मला वाटलं. पण त्यांनी त्याला बाजूला घेऊन विचारलं, ब्लेड किती दिवसांनी बदलतोस? उलटा हात फिरवतोस का? आणि सांगलीच्या दवाखान्याचा पत्ता दिला. हळू बोलत होते, तरी खिडकीत ऐकू आलं.

मी तीन दिवस काढले. चौथ्या दिवशी संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो आणि सांगून टाकलं, की चौथ्या कारणाची गोष्ट पहिल्यांदा माझ्या तोंडून गेली. चंद्राबाईनं पुढचं केलं, पण सुरुवात माझी. संयोगिता ओसरीवर बसून एका गिऱ्हाइकाच्या ब्लाऊजला हूक लावत होती. तिनं मान वर केली नाही.

सुभेदारांनी मला बाजेवर बसवलं. मग म्हणाले, "तुजी बेरीज बरोबर हाय रं नानासो. आकडं मीच खोटं दिलं."

मी म्हटलं, खरं पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर काय झालं असतं? ते म्हणाले, पोरं हसली असती. एवढ्यासाठी? व्हय, म्हणाले, एवढ्यासाठीच. आणि सुनेकडं बघितलं.

तेवढ्यात तिच्या मांडीवरचा फोन वाजला. हूक, सुई, ब्लाऊज, सगळं खाली सांडलं. व्हिडिओ कॉल होता. पडद्यावर आधी नुसतं पांढरं दिसलं, मग लोकरीची टोपी, मग वीरधवल. दहा-बारा दिवस तिकडं वादळ होतं, टॉवर पडला होता, सगळे ठीक आहेत, असं तो भराभर सांगत होता. संयोगिता हं हं करत होती. मग तो म्हणाला, आबा कुठायत? तिनं फोन फिरवून सुभेदारांच्या तोंडासमोर धरला.

वीरधवल बघत राहिला. एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं.

"आबा," तो म्हणाला, "निम्मी दाढी कुणी नेली?"

"तुज्या बायकोनं," सुभेदार म्हणाले.

तो हसायला लागला. हसता हसता मागं कुणालातरी हाक मारून बोलवायला लागला, हे बघ, आमच्या सुभेदारांची अवस्था बघ म्हणून. आणि मधेच आवाज तुटला. चित्र होतं तिथंच थिजलं. टोपी तिरकी, डोळे मिटलेले, तोंड उघडं.

सुभेदार म्हणाले, कट कर, पुन्हा लावंल तो. संयोगितानं कट केला नाही. फोन स्वतःकडं वळवला आणि ते थांबलेलं हसणं पडद्यावरून आपोआप जाईपर्यंत बघत बसली.